पाचोडचा फेरफार आणि क्लाउडमधला स्नॅपशॉट

डिस्कचा ‘स्नॅपशॉट’ म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी जमिनीच्या कागदांपासून सुरुवात करते.

पैठण तालुक्यातलं पाचोड १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. मराठवाड्यात जमिनीचा जुना वाद निघाला, की आजही वकील १९५४-५५चं खासरा पाहणी पत्रक काढायला सांगतात. त्या वेळी कोणतं शेत कुणाकडे होतं, याचं ते चित्र. पुढे वाटणी, वारस, खरेदी झाली की तेवढाच बदल फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये चढतो. तुमचा आजचा सातबारा या साखळीच्या टोकाला आहे.

क्लाउडमध्येही तेच. पहिल्या स्नॅपशॉटला सगळा डेटा, नंतर फक्त बदललेले ब्लॉक. कल्पना जुनीच, नेटअ‍ॅपच्या डेव्हिड हिट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९४ च्या निबंधात ती मांडली. पण तिथे स्नॅपशॉट मूळ डेटासोबत त्याच डिस्कांवर राहायचे. डिस्का गेल्या, तर तेही गेले! अ‍ॅमेझॉनने २००८ मध्ये ईबीएस आणलं, त्यात स्नॅपशॉट वेगळ्या साठ्यात, एस-थ्रीमध्ये जातो. हा फरक मला सर्वात मोठा वाटतो. २१ जून २०१२ला मंत्रालय पेटलं, तेव्हा ज्या फायलींची दुसरीकडे प्रत नव्हती त्या कायमच्या गेल्या.

एका बाबतीत मात्र संगणक पुढे आहे. जुना स्नॅपशॉट पुसला तरी नव्याला लागणारे ब्लॉक राखले जातात. फेरफाराचं एक पान हरवलं, तर साखळी तिथेच तुटते.

आणि चूक? ती दोन्हीकडे जशीच्या तशी जपली जाते. १९५४ला कसणाऱ्याऐवजी दुसऱ्याचंच नाव चढलं असेल, तर आज नक्कल काढल्यावर तेच नाव हातात येतं.