सिझेरियननंतरची प्रसूती
एकदा सिझेरियन झाले की पुढचे बाळंतपणही शस्त्रक्रियेनेच, हा दंडक न्यूयॉर्कच्या एडविन क्रॅगिन यांनी १९१६ मध्ये मांडला. तेव्हा गर्भाशयाला उभा छेद देत. कळांच्या जोराने तो व्रण फाटण्याची धास्ती खरी होती. पुढे खालच्या भागात आडवा छेद रूढ झाला. असा एक व्रण असलेल्या, योनिमार्गे प्रसूतीचा प्रयत्न करणाऱ्या शंभरातील ६० ते ८० स्त्रिया तशाच बाळंत होतात. व्रण फाटण्याचा धोका एक टक्क्याहून कमी. तरीही तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय हाताशी हवीच. पोटावरचा व्रण आडवा म्हणून आतलाही आडवाच असे नसते, त्यामुळे आतल्या छेदाची नोंद असलेले जुने डिस्चार्ज कार्ड जपणे फार मोलाचे. दुसरीकडे, वारंवार सिझेरियनने वार जुन्या व्रणात रुतण्याचा धोका वाढतो. त्यातील रक्तस्राव जीवघेणा ठरू शकतो.