युद्धाचे छायाचित्र : वृत्तपत्रासाठी आणि भिंतीसाठी

१/८
युद्धातील एक छायाचित्र वृत्तपत्रात छापले जाते, दुसरे कलादालनाच्या भिंतीवर लागते. दोहोंत मृत्यू आहे. कधी छायाचित्रकारही एकच असतो. मग भेद कशात आहे, आणि तो केव्हा निर्माण झाला?

२/८
आरंभी हा भेद नव्हता. नोव्हेंबर १८५७मध्ये लखनौच्या सिकंदरबागेत ब्रिटिश फौजेने सुमारे २,००० बंडखोरांना ठार केले. फेलिचे बिआतो तेथे पोहोचला १८५८मध्ये. त्याच्या छायाचित्रात भग्न इमारतीपुढे हाडे विखुरलेली दिसतात. ती छायाचित्रासाठी उकरून मांडली गेली, असे अनेक अभ्यासक मानतात.

३/८
तेव्हा वृत्तपत्रात छायाचित्र थेट छापता येत नसे. बिआतोची छायाचित्रे सुट्या प्रतींत व अल्बमांत विकली जात. १९व्या शतकाच्या अखेरीस हाफटोन छपाई रुळली, पुढे ३५ मिमीचा हलका कॅमेरा आला. या दोहोंतून वृत्तछायाचित्र घडले : वेग, तारीख, ठिकाण, चित्रओळ. घटनास्थळी काहीही हलवायचे नाही, हा दंडकही हळूहळू रूढ झाला.

४/८
१ फेब्रुवारी १९६८. सायगावच्या रस्त्यावर एक पोलीसप्रमुख बंदिवानाच्या डोक्यात गोळी झाडतो. असोसिएटेड प्रेसच्या एडी अॅडम्स यांनी टिपलेला हा क्षण लगोलग जगभर छापला गेला. छायाचित्र अर्धेच सत्य सांगते, ही खंत पुढे अॅडम्स यांनीच व्यक्त केली.

५/८
२००१. ल्यूक दलाए हे ‘न्यूजवीक’साठी अफगाणिस्तानात होते. तेथील वृत्तछायाचित्रणासाठी त्यांना रॉबर्ट कापा सुवर्णपदक मिळाले. त्याच युद्धात ते मोठ्या फिल्मचा पॅनोरमा कॅमेराही वापरत होते.

६/८
त्यातून ‘तालिबान’ हे चित्र आले : खड्ड्यात पडलेला मृत तरुण, पायांत बूट नाहीत. प्रत सुमारे साडेतीन फूट उंच, पावणेआठ फूट रुंद. मासिकात बोटभर उरला असता तो देह येथे जवळजवळ खऱ्या मापाचा होतो. पान उलटण्याची सोय नसते, थांबावेच लागते.

७/८
आक्षेपही येथेच सुरू होतो. २००३मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात या मालिकेतील एका प्रतीची किंमत १५,००० डॉलर होती. जेफ वॉल यांनीही १९९२ साली अफगाणिस्तानातील मृत सोव्हिएत सैनिक दाखवले. मात्र ते स्टुडिओत उभे केलेले नट होते. दलाए यांच्या चित्रातील माणूस खरोखर मेलेला आहे आणि त्याची संमती कोणी घेतलेली नाही.

८/८
म्हणून दोन्ही प्रकारांना वेगळे प्रश्न विचारावे लागतात. वृत्तछायाचित्राला : हे असेच घडले का? चौकटीबाहेर काय राहिले? कलाछायाचित्राला : हे इतके देखणे का केले, आणि कोणासाठी? एक प्रश्न मात्र दोघांनाही लागू आहे. सिकंदरबागेतील हाडांना नावे नाहीत; खड्ड्यातील त्या तरुणाच्या वाट्यालाही शीर्षकात फक्त त्याचा पक्ष आला. तो कोण होता?