तळटीप १७ : क्वेरी ॲनालायझर
१७. मायक्रोसॉफ्टच्या ‘एसक्यूएल सर्व्हर’ या डेटाबेसला टेबलावरील संगणकातून थेट हुकूम सोडण्याचे साधन. नावातील विश्लेषणाशी त्याच्या नित्य वापराचा संबंध बेताचाच. वरच्या चौकटीत हुकूम लिहून एफ-५ ही कळ दाबली, की खालच्या चौकटीत जाब उमटे. २००५ साली ‘मॅनेजमेंट स्टुडिओ’ने त्याची जागा घेतली. लेखकाच्या हातून घडलेला अनर्थ उमगण्यास एवढे ध्यानात असावे, की मजकुराचा काही भाग निवडलेला असेल, तर हे साधन तेवढाच अमलात आणी. त्यामुळे ‘डिलीट’ची ओळ निवडली आणि कोणत्या नोंदी हे सांगणारी तिच्याखालची ‘व्हेअर’ची ओळ निवडावयाची राहिली, म्हणजे त्या तक्त्याचे सारे दप्तर रिकामे होई, आणि ‘बिगिन ट्रान्झॅक्शन’ आधी दिलेले नसल्यास ‘रोलबॅक’ने ते परत मिळत नसे.