विजयदुर्गचे ‘साहेबाचे कट्टे’ : ग्रहण-कॅमेऱ्यांच्या आधारे कालनिर्णय

वाघोटण खाडीच्या मुखाशी उभ्या असलेल्या विजयदुर्ग किल्ल्यात काही चौथरे आहेत. स्थानिक लोक त्यांस ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. हा साहेब म्हणजे इंग्रज ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर होय. १८ ऑगस्ट १८६८ रोजी त्याने या कट्ट्यांवर दुर्बीण मांडून खग्रास सूर्यग्रहण पाहिले व हेलियम वायूचा शोध लावला, असे सिंधुदुर्ग जिल्ह्यात सर्रास सांगितले जाते. त्या तिथीस किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होत आला आहे. या परंपरेतील व्यक्ती खरी, स्थळ खरे आणि ग्रहणही खरे. परंतु त्यांची सांगड चुकीच्या सालाशी घातली गेली आहे. ती कशी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१८६८ च्या ग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून पूर्वेस मच्छलीपट्टणपर्यंत गेली. त्या वेळी फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन व मेजर टेनंट हे गुंटूर येथे, लेफ्टनंट हर्शेल जमखंडी येथे आणि मद्रास वेधशाळेचे पॉगसन मच्छलीपट्टण येथे होते. लॉकियर मात्र हिंदुस्थानात आलाच नव्हता. त्याने इंग्लंडमध्ये २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण नसताना, नव्या वर्णपटदर्शकाने सौरज्वालांच्या तेजोरेषा पाहिल्या. जान्सेननेही ग्रहणाच्या दुसऱ्याच दिवशी गुंटूर येथे हीच रीत साधली होती. दोघांची वृत्ते २६ ऑक्टोबर रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच दिवशी आली. सोडियमच्या जोडरेषांजवळची, परंतु त्यांहून भिन्न अशी पिवळी रेषा कोणत्या द्रव्याची, या प्रश्नातून पुढे ‘हेलियम’ हे नाव निघाले. पृथ्वीवर हा वायू रॅम्से यास १८९५ मध्ये क्लेव्हाइट या खनिजात सापडला.

लॉकियर ग्रहणासाठी हिंदुस्थानात प्रथम आला तो १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणाच्या वेळी. तेव्हा त्याचा तळ केरळच्या किनाऱ्यावरील बेकल किल्ल्यात होता. विजयदुर्गाशी त्याचा संबंध येतो तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणात. या मोहिमेचा वृत्तांत लॉकियर, ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे कॅप्टन चिझम-बॅटन आणि कलकत्त्याचे प्राध्यापक पेडलर यांच्या नावे रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. नौकेवरील खलाशांना आधी शिकवून तयार करण्यात आले होते व वेधांची कामे त्यांच्यात वाटून दिली होती.

या मोहिमेतील प्रमुख साधने म्हणजे ६ इंची व ९ इंची लोलक-कॅमेरे होत. साध्या वर्णपटदर्शकात प्रकाश प्रथम एका बारीक फटीतून घ्यावा लागतो. लोलक-कॅमेऱ्यास ही फट नसते. भिंगाच्या पुढेच मोठा लोलक बसविलेला असतो. खग्रास स्थितीच्या आरंभी व अखेरीस सूर्याची कड चंद्रकोरीसारखी उरते आणि तीच फटीचे काम करते. त्यामुळे काचेवर सरळ रेषांऐवजी चापांची ओळ उमटते व प्रत्येक चाप कोणत्या ना कोणत्या द्रव्याचा निदर्शक असतो. हा क्षणिक वर्णपट यंग याने १८७० मध्ये पाहिला होता. त्याचे पहिले छायाचित्र शॅकल्टन याने १८९६ मध्ये नोव्हाया झेम्ल्या येथे घेतले. विजयदुर्गास तेच कार्य अधिक मोठ्या साधनांनी करावयाचे होते.

कालनिर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा येथेच आहे. लांब नळीचे व जड लोलकाचे असे यंत्र जराही हलले तर चाप पुसट होतात, आणि खग्रास काळ होता अवघा सुमारे दोन मिनिटांचा. तेव्हा पक्क्या बैठकीवाचून हे काम होणे शक्य नव्हते. उलट, १८६८ मध्ये लॉकियरने जे केले ते त्याच्या स्वतःच्या दुर्बिणीवर इंग्लंडमध्ये झाले. त्यासाठी कोकणात कट्टा बांधण्याचे प्रयोजनच नव्हते. कट्टे खरोखर ‘साहेबाचे’ असतील, तर ते १८९८ चेच मानावे लागतात.

त्याच दिवशी महाराष्ट्रात अन्यत्र निराळ्या जातीची भिंगे काम करीत होती. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे लिक वेधशाळेच्या कॅम्पबेलने अल्व्हन क्लार्क यांच्या कारखान्यातील ५ इंची भिंग ४० फूट लांबीच्या कॅमेऱ्यास लावले होते. त्यातून सूर्यबिंब सुमारे साडेचार इंचांचे उमटे. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचाही तळ जेऊर येथेच होता. वऱ्हाडातील तळणी येथे ॲनी माँडर यांनी अवघ्या दीड इंच व्यासाच्या भिंगाने सूर्याच्या प्रभावलयाचा अतिशय लांबवर गेलेला किरण टिपला. सूर्यबिंबाचा तपशील, प्रभावलयाचा विस्तार आणि वर्णपट या तीन हेतूंस तीन प्रकारची भिंगे लागली, व प्रत्येकाची मांडणीही वेगळी झाली.

लोकपरंपरेने दोन ग्रहणे एकत्र केली, याचे कारण समजण्यासारखे आहे. दोन्ही छाया याच किनाऱ्यावरून गेल्या आणि लॉकियरचे नाव हेलियमशी कायमचे जोडले गेले. साल दुरुस्त केल्याने विजयदुर्गाचे महत्त्व उणावत नाही. हेलियमची पिवळी रेषा प्रथम येथे दिसली नाही, हे मान्य करावे लागते. परंतु तो वायू पृथ्वीवर हाती लागल्यानंतर तीनच वर्षांनी, सूर्याच्या वर्णावरणाचे घटक छायाचित्राने पडताळण्याचे काम ज्या मोजक्या स्थळी झाले, त्यांत हा किल्ला होता. त्याचा खरा मान तो हाच. किल्ल्यावर सांगितल्या जाणाऱ्या इतिहासात २२ जानेवारी १८९८ ही तिथी यावी, एवढेच या विवेचनाचे फलित होय.