चटई कुठवर पसरते?

मराठीत ‘कार्पेट एरिया’ला ‘चटई क्षेत्र’ म्हणतात. मला हा शब्द भारी आवडतो. सरकारी भाषेत इतका घरगुती शब्द क्वचितच सापडतो. जिथे चटई पसरता येते तेवढं आपलं घर, इतका साधा अर्थ. पण ही चटई कुठून कुठवर पसरायची, यावर आपल्याकडे बरीच वर्षं वाद होता. मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये गालिचा टाकायचं ठरलं आणि टेप हातात आली, तेव्हा हा सगळा इतिहास चौरस फुटांत समोर आला.

मोजायची रीत सोपी आहे. लांबी-रुंदी दोन-तीन ठिकाणी घ्यायची आणि मोठा आकडा धरायचा, कारण गालिचा कापता येतो, वाढवता येत नाही. दोन्ही कर्णही मोजायचे. ते सारखे भरले नाहीत तर खोली काटकोनात नाही असं समजायचं.

तर आमचे आकडे. हॉल 16 बाय साडेदहा, म्हणजे 168. बेडरूम 120 आणि 100. एकूण 388 चौरस फूट. गालिचा एवढाच लागणार. मग उत्साहाच्या भरात बाकीचंही मोजलं. स्वयंपाकघर 72, पॅसेज 28, न्हाणीघर आणि संडास मिळून 59. सगळं धरून 547.

बाबांनी हा फ्लॅट 2003 साली घेतला, निवृत्तीनंतर, पीएफच्या पैशात. ते कायम म्हणत, ‘आपला आठशेचा फ्लॅट.’ बिल्डरने भावही आठशेवरच लावला होता. त्याला म्हणायचे ‘सुपर बिल्टअप’. म्हणजे भिंती, जिना, खालची लॉबी, सगळ्यांतला आपला वाटा त्यात आला. जिना फुकट बांधून होत नाही, हे मलाही मान्य आहे. पण तो वाटा किती धरायचा, हे विकणाराच ठरवायचा. घेणाऱ्याकडे टेप होती, पण जिन्यातला आपला हिस्सा टेपने कसा मोजणार?

आता कायद्याची गोष्ट. महाराष्ट्रात फ्लॅट खरेदीदारांसाठीचा कायदा, ज्याला ‘मोफा’ म्हणतात, 1963 सालचा. या कायद्यातली दुरुस्ती 2008 साली लागू झाली आणि फ्लॅट चटई क्षेत्रावरच विकायचा असं ठरलं. त्या व्याख्येत भिंती नव्हत्या. पुढे संसदेने 2016 साली ‘रेरा’ कायदा केला. तो 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. त्याने बाहेरच्या भिंती, गॅलरी आणि गच्ची वगळली, पण घरातल्या आतल्या भिंती मात्र चटईत घेतल्या! दहा फूट लांब आणि पाच इंच जाड भिंत घ्या, ती चार चौरस फुटांहून थोडी जास्त भरते. तिथे चटई कोण अंथरणार?

याउलट भारतीय मानक 3861 पाहा. त्याची 2002 ची आवृत्ती आहे. त्यात चटई क्षेत्रातून स्वयंपाकघर, संडास-न्हाणीघर आणि पॅसेजसुद्धा वगळले आहेत. ही खरी गालिचेवाल्याची व्याख्या!

म्हणजे आमचं एकच घर, आणि मानकाप्रमाणे 388, मोफाच्या दुरुस्तीप्रमाणे 547, रेराप्रमाणे आतल्या भिंती धरून 575 च्या आसपास, आणि बाबांच्या तोंडी 800. घर तसूभरही हललं नाही. चटई तेवढी लहानमोठी होत गेली.

गंमत म्हणजे एफएसआयलाही आपण ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणतो. तो मात्र बांधकामाच्या क्षेत्रावर काढतात, भिंतींसकट. एकाच चटईची ही दोन मापं. सामान्य माणसाने गोंधळून जायचं नाही तर काय करायचं?

मला वाटतं, रेराने केलेलं मोठं काम भिंत आत की बाहेर हे ठरवण्याचं नाही. व्याख्या देशभर एक केली, हे ते काम. माप थोडं इकडेतिकडे असलं तरी चालतं, पण ते दोघांच्या हातात सारखंच असावं लागतं. कापडाच्या दुकानात गज डोळ्यांसमोर टाकतात, म्हणून तिथे भांडण होत नाही. घराच्या बाबतीत तो गज समोर यायला 1963 पासून पन्नासहून जास्त वर्षं लागली.

आठशे आणि 547 यांतला फरक 253 चौरस फुटांचा. म्हणजे आमचा हॉल आणि एक अख्खी बेडरूम मिळून होते त्याहून थोडा कमी. बाबांनी त्याचेही पैसे मोजले होते. आई म्हणाली, ‘जाऊ दे रे, त्यांना आठशेच वाटायचं, ते सुखात राहिले.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

असो. मंडळी, तुमच्या घरी करारनामा आणि टेप दोन्ही असतीलच. या रविवारी मोजून बघा, आणि किती निघालं ते मला नक्की कळवा.