हवी तीच नोंद

सरासरी काढायची तर पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत सगळे मोजावे लागतात. म्हणून संख्याशास्त्राची यंत्रं पूर्वीपासून फाइल ओळीनेच वाचत आली. १८९०च्या अमेरिकी जनगणनेत हर्मन हॉलरिथच्या यंत्रावर भोकं पाडलेली कार्डं एकामागून एक मोजली गेली. १९२८ साली आयबीएमने ८० रकान्यांचं कार्ड आणलं. १९६८मध्ये स्टॅनफर्डला नॉर्मन नाय, डेल बेंट आणि हॅडलाय हल यांनी समाजशास्त्रज्ञांसाठी एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर लिहिलं ते याच कार्डांच्या जमान्यात. त्यातल्या ‘डेटा लिस्ट’ या कमांडवर तो ठसा अजून आहे: कोणती माहिती कितव्या रकान्यात, हे तिला सहसा सांगावं लागतं.

व्यापाराची गरज मात्र वेगळी. समोर उभ्या खातेदाराची शिल्लक सांगायला बँकेला बाकीची खाती चाळायची नसतात. १९५६च्या आयबीएम रॅमॅक यंत्राने ५० तबकड्यांवर ५० लाख अक्षरं ठेवली आणि हव्या त्या जागी थेट जाण्याची सोय केली. पुढे आयबीएमच्याच आयसॅम आणि १९७०च्या दशकात व्हीसॅम या पद्धती आल्या. त्यांत प्रत्येक नोंदीला खातेक्रमांकासारखी एक किल्ली असते. किल्ल्यांची क्रमवार सूची वेगळी ठेवलेली असते. यंत्र आधी सूची पाहतं, मग नेमक्या नोंदीवर जातं.

कचेऱ्यांची माहिती अशा फाइलींत साठली आणि अभ्यासकांना ती हवी झाली. तिथून एसपीएसएसमध्ये ‘कीड् डेटा लिस्ट’ ही कमांड आली. नमुन्यातल्या दोनशे जणांचे क्रमांक हाताशी असतील, तर लाखो नोंदींची फाइल वाचण्याचं कारण उरत नाही. ‘फाइल’पुढे फाइलचं नाव, ‘की’पुढे क्रमांक असलेलं चल, मग रकाने दिले की प्रत्येक क्रमांकासाठी तेवढीच एक नोंद उचलली जाते. किल्लीऐवजी नोंदीचा अनुक्रमांक देऊनही फाइल वाचता येते. ‘पॉइंट’ ही सोबतची कमांड किल्लीपाशी नेऊन सोडते. तिथून पुढचं वाचन पुन्हा ओळीने.

मला या कमांडमधला ‘इन’ हा छोटा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. नोंद सापडली तर तो १ लिहितो, नाही सापडली तर ०. बँकेच्या खिडकीवर न सापडलेलं खातं ही एका माणसाची अडचण असते, पण संख्याशास्त्रात ते शून्यही माहितीच असतं. न सापडलेले लोक सापडलेल्यांसारखेच असतील याची खात्री कुणी द्यावी? ते गुपचूप गळाले, तर उरते ती फक्त सापडलेल्यांची सरासरी, आणि ती सगळ्यांच्या नावाने छापली जाते.

आयबीएमने २००९मध्ये एसपीएसएस कंपनी विकत घेतली, त्यामुळे व्हीसॅम आणि ही कमांड आता एकाच घरात आहेत. तुम्ही कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दोन याद्या क्रमांकावरून जोडत असाल, तर ‘इन’सारखा एक रकाना जरूर ठेवा आणि सरासरीआधी त्यातली शून्यं मोजा.