केशोपचार, घरगुती

रुक्ष, टोकांना दुभंगलेल्या किंवा सहज तुटणाऱ्या केसांवर घरातील तेल, वनस्पती व दुधदुभते वापरून केले जाणारे बाह्य उपचार. न्हाण्यापूर्वी तेल लावणे, शिकेकाईने केस धुणे आणि अधूनमधून लेप लावणे हे त्यांचे महाराष्ट्रात रूढ असलेले प्रकार होत.

केसांची हानी : केसाचा त्वचेबाहेरील भाग निर्जीव असून तो मुख्यतः केराटीन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या बाहेरच्या थरातील खवले कौलांप्रमाणे एकमेकांवर बसलेले असतात. कडक ऊन, क्षारीय साबण, रासायनिक रंग, ड्रायरची तप्त हवा, ओल्या केसांतून ओढलेली फणी यांमुळे खवले उचकटतात. केस खरखरीत होतात, गुंततात व तुटतात. निर्जीव भागातील ही झीज भरून येत नाही. त्यामुळे घर्षण कमी करणे व पुढची झीज रोखणे एवढेच या उपचारांनी साधते. निरोगी केस मुळाकडून महिन्याला सुमारे १ सेंमी. वाढतो.

तेल : खोबरेलातील जवळजवळ निम्मा भाग लॉरिक अम्लाचा असतो. त्याची साखळी आखूड व सरळ असल्याने हे तेल केसाच्या गाभ्यापर्यंत झिरपते. मुंबईच्या मॅरिको या खोबरेल विकणाऱ्या कंपनीतील संशोधक आरती रेळे व आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल व खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली; तीत केसांतील प्रथिनांचा ऱ्हास केवळ खोबरेलाने लक्षणीय प्रमाणात कमी झालेला आढळला. तेल आधी लावल्यास केस पाण्याने कमी फुगतो, म्हणून न्हाण्यापूर्वीचे तेल अधिक उपयोगी ठरते.

धुण्याची द्रव्ये : शिकेकाईच्या शेंगांत व रिठ्याच्या फळांत फेस आणणारी सॅपोनिने असतात. जड पाण्यात साबणाचा चिकट साका केसांवर बसतो. सॅपोनिनांचा तसा बसत नाही. शिकेकाईत आवळकाठी, नागरमोथा, वाळा, संत्र्याची साल इ. मिसळून दळतात. रुक्ष केसांसाठी रिठा कमी घेतात, कारण तो तेल फार काढतो. पूड पाण्यात उकळून गाळून घ्यावी. भरड कण केसांत राहिल्यास ते घासले जातात. हे पाणी डोळ्यांत गेल्यास चुरचुरते.

लेप : जास्वंदीची पाने, भिजवून वाटलेल्या मेथ्या व कोरफडीचा गर यांतील बुळबुळीत द्रव्याचा केसांवर पातळ थर बसतो आणि गुंता सहज सुटतो. दही सौम्य आम्लीय असल्याने क्षारीय साबणाप्रमाणे खवले उचकटवत नाही. अंड्यातील प्रथिनांचे रेणू मोठे असल्याने ती केसात शिरत नाहीत. शिवाय गरम पाण्याने धुतल्यास अंडे केसांतच गोठते. खाण्याचा सोडा क्षारीय असल्याने केस आणखी रुक्ष करतो.

मर्यादा : दुभंगलेली टोके लेपाने जुळत नाहीत, ती कापावीच लागतात. कोंड्याशी निगडित असलेले मॅलसेझिया हे किण्व स्निग्ध पदार्थांवर वाढते. त्यामुळे कोंडा असताना टाळूवर तेल थापल्यास तो वाढू शकतो. कोरफडीच्या पिवळ्या चिकाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, म्हणून तो निथळू देऊन आतला गरच घेतात. लोहाची कमतरता, अवटू ग्रंथीचे विकार किंवा चाई यांमुळे केस गळत असल्यास मूळ आजारावर वैद्यकीय उपचार घेणे आवश्यक असते.